मामा, टाकी चाखायची कोणी?

मामा, तुझ्या जलदानाच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. पाचव्या शीलापाशी आलो आणि मांडवातले आवाज खाली गेले. माझा नाही गेला. मद्यापासून दूर राहीन, हे मी नेहमीसारखंच ठासून म्हटलं. समोर हार घातलेला तुझा फोटो. फोटोमागे खिडकी, खिडकीतून दिसणारी तुझी पत्र्याची शेड आणि शेडमध्ये ती स्टीलची टाकी, यंदाच्या पांढऱ्या वाइननं गळ्यापर्यंत भरलेली. तू असतास तर तुझाच आवाज सगळ्यांच्या वर असता. वाइन करणारा माणूस पाचवं शील सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो, याचा मला इतकी वर्षं राग यायचा. त्या दिवशी तो आवाज नव्हता म्हणून राग आला.

विधी झाला, भन्तेजी जेवून गेले, आष्टीकडची माणसं गाड्यांना लागली. मग मामीनं मला चुलीच्या बाजूला घेतलं.

"सुजाता, टाकी चाखायची हाय. तूच चाख."

मला वाटलं, ती दुःखात काहीबाही बोलते आहे. म्हटलं, "मामी, मी कोण हाय ते तुला ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय. म्हणून तर आजपतुर तोंडातून काढलं न्हाई."

तू गेल्यापासून टाकीला कोणी हात लावला नव्हता. तळाशी गाळ बसला आहे. त्या गाळावर वाइन काही दिवस राहिली की तिला अंग येतं, चव भरीव होते, आणि त्याहून जास्त राहिली की ती सडक्या अंड्याचा वास धरते. मधला दिवस कोणता, हे तू दर वर्षी चाखून ठरवायचास. नाशिककडचे तुझे सल्लागार फोनवर म्हणाले की प्रयोगशाळेचे आकडे ठीक आहेत, पण गाळावरून कधी काढायची हे तिथं चाखणाऱ्यानंच सांगावं, आणि त्यांना पुढच्या आठवड्याच्या आत येणं जमणार नाही. मिलिंद तुझा मुलगा, पंपापासून प्रेसपर्यंत सगळं यंत्र त्याचं ऐकतं, पण गुटख्यानं त्याची जीभ केव्हाच गेली. डोळे बांधले तर त्याला कैरी आणि काकडी वेगळी सांगता येणार नाही. मामीचा वास त्या तापाच्या साथीत गेला तो आलाच नाही. भाजी करपली तरी तिला धूर दिसल्यावर कळतं. आणि वर्षाची अख्खी बाग त्या एका टाकीत आहे.

उरले मी. अंबाजोगाईला वसतिगृहातल्या पोरींना व्यसनमुक्तीची शपथ देणारी मी.

मामा, हा सापळा तू मुद्दाम लावलास का, हे मला अजून कळत नाही.

मी अक्षरं शिकले ती आईच्या पत्रकांवर. आमच्या उंबऱ्यापाशी गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले असायचे. गायरान कसणाराच्या नावावर झालं पाहिजे, हे एक. बायांनो, भट्टी फोडा, हे दुसरं. मी पाटीवर गिरवलेलं पहिलं जोडाक्षर 'भट्टी'मधलं होतं. आईनं बायका गोळा करून ओढ्यातली हातभट्टीची मडकी फोडली तेव्हा मी तिच्या कडेवर होते, असं ती सांगते. कारण तुला सांगायला नको. तुम्हा दोघांचे वडील त्याच भट्टीनं गेले. एकाच बापाची दोन लेकरं. थोरलीनं मडकी फोडली आणि धाकट्यानं टाकी मांडली. तू हे कसं जुळवलंस, मी तुला किती वेळा विचारलं. तू दर वेळी म्हणायचास, "पत्रकबाई, सगळ्याच गोष्टीला कावून कावून करू नै." आणि विषय बदलायचास. आता तो विषय कायमचा बदलला.

जे तू सांगितलंस तेवढं मला पाठ आहे. गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायची. तू म्हणालास, मी कोयता धरणार नाही. छाटणीची कात्री धरलीस आणि नाशिककडच्या द्राक्षबागांत गेलास. तिथं फवारणी करताना चक्कर येऊन पडलास. "शुद्धीवर आलो," तू सांगायचास, "तर मालक म्हन्तो, फवारायचा ब्लोअर बंद केलता का? मी म्हनलं, मालक, आदी मी बंद पडलो." हे सांगताना तू हसायचास. मी कधी हसू शकले नाही, आणि तरी ते पुन्हा पुन्हा ऐकायला मागायची.

तू परत आलास आणि आज्जीच्या नावावर झालेल्या गायरानाच्या तुकड्यात वेली लावल्यास. त्या जमिनीसाठी आईनं पत्रकं वाटली होती, मार खाल्ला होता. तुझी अट एकच होती, या मातीत विष येणार नाही. शेणखत, दशपर्णी अर्क, ताकाची फवारणी. लोक म्हणायचे, द्राक्षाला ताक पाजतो. घड आले, पण मणी बारके. फुगवायचं औषध तू मारलंच नव्हतंस. बाजारात व्यापाऱ्यानं पेटी उघडून विचारलं, "पाव्हणं, हे द्राक्षं हायती का मिरं?" सगळा बाजार हसला. त्या पेट्या तू परत आणल्यास आणि शाळेच्या दारात बसून पोरांना वाटल्यास. त्यातला एक घड माझ्या वाट्याला आला होता. इतकी गोड द्राक्षं मी त्यानंतर खाल्ली नाहीत, आणि हे मी तुला कधीही सांगितलं नाही. तू लगेच त्याचा उपयोग केला असतास.

बारक्या मण्याची, जाड सालीची द्राक्षं वाइनला चालतात, हे तुला कोणीतरी सांगितलं. तू ते आईला सांगायला आलास तेव्हा ती शेंगा फोडत होती. तूही तिच्यासोबत शेंगा फोडू लागलास. मग म्हणालास, "आक्का, एक बोलायचंय." आईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "कर. जमीन तुजी, घाम तुजा. पण ती बाटली माज्या दारात आणू नको. अन् मी तुज्या त्या शेडीत पाय ठिवणार न्हाई." तुम्ही दोघांनी शब्द पाळला. तुझ्या घरी ती येते, भाकरी खाते, मामीचे पाय चेपून देते, पण शेडीच्या दारापासून चार हात लांबून जाते.

पहिल्या वर्षी तर तिला आनंदच झाला. काही घालायचं नाही म्हणजे काहीच घालायचं नाही, असा तुझा हट्ट. सल्लागार कळवळून सांगत होते, चिमूटभर गंधक लागतंच, सेंद्रियवाल्यांनाही तेवढी परवानगी असते. तू म्हणालास, "चिमूटभर इष म्हंजी इषच." सगळी टाकी आंबून शिरका झाली. तू डोक्याला हात लावून बसलास आणि आई कॅन घेऊन आली. "आता कुठं शाना झालास. हे चालतंय." तिनं तो शिरका वर्षभर लोणच्यात घातला, कांद्यावर ओतला, गल्लीत वाटला. तुझ्या हातची तिनं जिभेला लावलेली ती एकच वस्तू. पुढच्या वर्षी तू गंधक घातलंस. मी तेव्हा तुला म्हटलं होतं, तुझं तत्त्व चिमटीत मावतं. तुला लागलं होतं हे मला कळलं, आणि मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पण माझं आणि तुझं खरं भांडण थुंकण्यावरून होतं.

तू वाइन चाखायचास आणि वाळूच्या बादलीत थुंकायचास. इतक्या वर्षांत एक घोटही पोटात गेला नाही, असं तू छातीवर हात ठेवून सांगायचास. "थुकलं की शील मोडत न्हाई."

"आणि जे विकत घेतात ते? ते थुंकतात?"

"त्यांनी कुठं शील घेतलंय, बाई?"

"म्हणजे आपण पवित्र, आणि विष दुसऱ्याच्या घरी."

याच 'विष' शब्दावर तू पुढे एकदा पेटलास. वाइन किराणा दुकानात विकावी की नाही यावरून सगळीकडे वाद चालू होता, तेव्हा मी पत्रक लिहिलं होतं. मथळा होता, 'वाइन हे विषच.' आष्टीच्या बाजारात आम्ही ते वाटलं. संध्याकाळी तुझा फोन. "मज्या बागेत इषाचा थेंब येऊ देत न्हाई म्हनून मी निम्मा जन्म येडा ठरलो, अन् माजी भाची मलाच इष म्हन्ती?" मी म्हटलं, मामा, शब्द तोच राहील. तू फोन ठेवलास. पुढच्या वेळी मी आले तर ते पत्रक शेडीच्या दारावर, आतल्या बाजूनं नाही, बाहेरून, खळ लावून चिकटवलेलं. पुण्याहून बाग बघायला आलेल्या पाहुण्यांना तू ते आधी वाचायला लावायचास. "आमच्या भाचीनं लिव्हलंय. लई भारी लिहिती. वाचा अन् मंग आत या." पाहुणे हसायचे. तू हसायचा नाहीस. तुला खरंच अभिमान होता की तू माझी जिरवत होतास, हे मी कधी ओळखू शकले नाही.

आणि पाण्यावरून झालेलं ते बोलणं. तेवढं मात्र मिटायला हवं होतं. बागेत बांधावर बसलो होतो. तू म्हणालास, "मज्या आज्याच्या हातचं पानी ज्यांनी घेतलं न्हाई, त्यांची नातवंडं आज मज्या हातचं काचेच्या गिलासात पेतेत. बाटलीवर मजं आडनाव वाचून पेतेत. पत्रकानं हे झालं आस्तं का?"

मी म्हटलं, "मामा, आपल्याला पाणी पाजायचं होतं. दारू नाही."

तू उठून गेलास. ठिबकच्या नळ्या तपासत दूरपर्यंत गेलास आणि मी तिथंच बसून राहिले. माझं वाक्य बरोबर होतं. आजही बरोबर आहे. पण तुझंही खोटं नव्हतं, आणि हे दोन्ही एका पत्रकात मावत नाही. पत्रकात वाट एकच असते आणि ती सरळ असते. मी आयुष्यभर तीच भाषा शिकले. तू गेल्यावर त्या भाषेत मला एक ओळ सुचलेली नाही.

माझ्या नाकाची तुला खात्री कधीपासून होती, मामा? मला वाटतं त्या सुट्टीपासून. मी पाचवी-सहावीत असेन. बागेतून चालताना तुला म्हटलं, इथं मासळीचा वास येतो. तू म्हणालास, "इथं कुठली आली मासळी, बे?" मग पानं बाजूला केलीस तर आत एका घडावर भुरी, नुकतीच पांढरी बुरशी धरलेली, तुला दिसलीच नव्हती. तू मला खांद्यावर घेऊन घरी आलास. "हिला नाक हाय! हिला नाक हाय!" मामी म्हणाली, "सगळ्यांनाच आस्तंय." त्यानंतर तू मला डोळे मिटायला लावून काय काय हुंगायला दिलंस. शेवग्याचा पाला, ओलं पोतं, जुनं लोखंड, कडुलिंबाचा मोहोर, चिंचेची टरफलं. मला तो खेळ वाटायचा. जगाकडे नाकानं बघायला मला तू शिकवलंस, आणि त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. फक्त तू तेव्हापासूनच माझी जागा धरून ठेवत होतास का, हा प्रश्न आता मला सोडत नाही.

शेवटची भेट तोडणीची. पहाटेच्या गारव्यात घड तोडून सगळे दमलेले, तू टाकीला टेकून चहा पीत होतास. म्हणालास, "बाटलीच्या मागं चार वळी लिहून दे. कुठली हाय, कोनाची हाय, कशी केली. तुज्यासारकं आमाला लिहिता येत न्हाई."

"देते. पहिली ओळ असेल, ही पिऊ नका."

"लिव्ह की! मंग तर लई खपंल."

तू खदखदून हसलास. मीही हसले, पण लिहून दिलं नाही. निघताना तू मोटारसायकलवरून मला फाट्यापर्यंत सोडलंस. एसटी आली तेव्हा नुसतं म्हणालास, "इचार कर." कशाचा, ते बोलला नाहीस. ओळींचा, असं मी तेव्हा धरून चालले.

मग तो दिवस. फिल्टर धुताना तुझ्या छातीत कळ आली, तुला घेऊन घरचे नगरच्या दवाखान्याकडे निघाले. मी अंबाजोगाईहून निघाले, बीडच्या स्टँडवर गाडी बदलत होते, तेव्हा मिलिंदचा फोन आला. एवढंच म्हणाला, "ताई, आता घाई करू नको."

आणि जलदानाच्या दुपारी मामी माझ्यासमोर उभी. मी तिला सगळं सांगितलं. मी शपथ घेतलेली आहे. मी दुसऱ्यांना शपथ देते. मी या धंद्याविरुद्ध लिहिलेलं आहे आणि पुन्हा लिहिणार आहे. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी कुठं म्हन्ते पे? चाखून थुक. तुजा मामा करीत व्हता तसं."

म्हणजे ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं ढोंग म्हटलं, तीच माझ्यापुढे ठेवली होती. नाही म्हणावं तर तुझ्या हातची शेवटची टाकी माझ्या डोळ्यांदेखत नासणार, आणि मामी आणि मिलिंद वर्षभर काय खाणार याचं उत्तर माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं. हो म्हणावं तर मी तुझ्याशी भांडले तो प्रत्येक शब्द मलाच परत घ्यावा लागणार, आणि परत घ्यायला समोर तू नाहीस. मी आईकडे बघितलं. ती भांडी आवरत होती, सगळं ऐकत होती. तिनं नाही म्हणावं म्हणून मी वाट बघत होते, खरं सांगते. तिच्या नाहीमागे मी लपले असते.

आई म्हणाली, "माज्याकडं बघू नको. तो माजा भाऊ व्हता."

मग मी निघाले. आई मागोमाग आली आणि शेडीपासून चार हातांवर थांबली. दारावरचं माझं पत्रक उन्हानं पिवळं पडलंय, 'विष' मात्र ठळक आहे. मी त्यावर नजर न थांबवता आत गेले. आत गार होतं. मिलिंदनं टाकीची छोटी तोटी उघडली, ग्लासात बोटभर घेतली आणि दोन्ही हातांनी पुढे केली, जसं तुला देत असेल तसं. मामीनं वाळूची बादली पायानं माझ्याकडे सरकवली.

आधी नाकाशी धरली. कच्चा पेरू. लिंबाची साल. उन्हात तापलेल्या फरशीवर पाणी मारल्यासारखं काहीतरी. आणि या सगळ्याखाली, अगदी तळाला, आगकाडी विझल्यावर येतो तसा वास. गाळ आता वाइनला धरायला लागला होता. तोंडात घेतली. गालांच्या कडांना आंबट झोंबली, मग मऊ झाली, मग पुन्हा तो पेरू. मी थुंकले. वाळूत बारीक खड्डा पडला.

"काय?" मिलिंदनं विचारलं.

मला उत्तर ठाऊक होतं. आजच काढायला हवी, उद्यावर टाकून चालणार नाही, हे मला पहिल्याच घोटात कळलं होतं. नाकातच कळलं होतं. तरी मी ग्लास पुन्हा उचलला आणि दुसरा घोट घेतला. तो तोंडात जरा जास्त वेळ धरला. मग थुंकले आणि म्हटलं, "आजच काढा."

मिलिंद पंपाकडे धावला. मामी भिंतीला टेकून रडायला लागली, तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं. मी ग्लास विसळला. तोंड दोनदा धुतलं. आणि मला कळलं, मामा, की थुंकल्यानं सगळं जात नाही. काहीतरी मागे राहतं आणि घशाखाली उतरतं. तुला हे पहिल्या वर्षापासून माहीत असणार. तरी तू छातीवर हात ठेवायचास. तू माझ्याशी खोटं बोलत होतास की स्वतःशी, आणि म्हणूनच का ते शील इतक्या मोठ्यानं म्हणायचास? हे कोणाला विचारू?

मी बाहेर आले. आई तिथंच उभी होती, पदर तोंडाला लावून.

"थुकलीस ना?"

"हो. दोन्ही वेळा."

आईनं पदर खाली घेतला. माझ्याकडे नीट बघितलं, तशी ती पत्रकातली चूक शोधताना बघते.

"दोन कावून?"